रस्ट, सी++ आणि पायथन यांच्या सीमेवर वाया जाणारे बिल्ड

गेल्या पावसाळ्यात आमच्या चमूतल्या सर्वांत नव्या सहकाऱ्याने एका पायथन फाइलमधल्या टिप्पणीतला एक शब्द सुधारला, बिल्ड (म्हणजे कोडपासून चालू शकणारा प्रोग्रॅम बांधण्याचे काम) लावला आणि थोड्या वेळाने माझ्या टेबलापाशी येऊन विचारले, "दादा, मी कोडला हातही लावला नाही, फक्त शुद्धलेखन नीट केलं. तरी सगळं सी++ पुन्हा कंपाइल का होतंय?" त्याच्या पडद्यावर सी++ फाइलींची नावे एकामागून एक सरकत होती आणि तो बिल्ड संपायला अकरा मिनिटे लागली. मला उत्तर देता आले नाही. बिल्ड लावायचा आणि चहाला जायचे, ही सवय आमच्या इतकी अंगवळणी पडली होती की त्या अकरा मिनिटांत नेमके काय घडते हे कोणी विचारतच नव्हते. पुढचे तीन आठवडे मी रोज थोडा वेळ या एकाच प्रश्नावर घालवला. त्यातून जे हाती लागले ते सविस्तर लिहून ठेवतो, कारण एकाहून अधिक भाषांचे प्रकल्प सांभाळणाऱ्या अनेकांच्या वाट्याला हेच दुखणे येते आणि बहुतेक जण वेगवान यंत्र मागवून ते झाकतात.

आमच्या प्रकल्पाची रचना आधी सांगायला हवी. संवेदकांकडून येणाऱ्या मोजमापांवर गणिती प्रक्रिया करणारा गाभा सी++ मध्ये आहे आणि त्याचा बिल्ड सीमेक व निंजा करतात. कच्चा डेटा वाचून त्याची फोड करणारा भाग रस्टमध्ये आहे. तो कार्गो बांधतो आणि सीबाइंडजेन हे साधन रस्टच्या कोडवरून एक हेडर फाइल (फंक्शने आणि डेटाच्या रचना सी++ ला कळवणारी फाइल) तयार करते, जी सी++ चा जवळपास प्रत्येक भाग समाविष्ट करतो. या सगळ्यावर पायबाइंड११ ही सी++ पायथनला जोडणारी लायब्ररी वापरून केलेले पायथनचे आवरण आहे आणि ते पिपच्या साहाय्याने बसवले जाते. म्हणजे एका बिल्डमध्ये पिप सीमेकला हाक मारतो, सीमेक निंजाची आज्ञापत्रिका लिहितो आणि निंजा मध्येच कार्गोला बोलावतो. यातले प्रत्येक साधन आपापल्या हद्दीत चोख काम करते. आमचे जवळजवळ सगळे फुकटचे बिल्ड दोन हद्दींच्या मधल्या जागेत जन्माला येत होते, जिथे एका साधनाने लिहिलेली फाइल दुसऱ्या साधनाचा कच्चा माल असते.

फाइल शिळी झाली म्हणजे नेमके काय झाले, याविषयी या साधनांचे एकमत नाही, हे त्यामागचे मूळ कारण आहे. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्समध्ये मेक हे बिल्डचे साधन लिहिले तेव्हा नियम साधा होता: मूळ फाइलची बदलाची वेळ तयार फाइलच्या वेळेपेक्षा नंतरची असेल, तर पुन्हा बांधा. निंजा हाच नियम पाळतो, पण त्याखेरीज प्रत्येक फाइल ज्या आज्ञेने तयार झाली त्या आज्ञेची खूणही स्वतःच्या नोंदवहीत ठेवतो. आज्ञेतले एक अक्षर बदलले तरी तो ती फाइल पुन्हा बांधतो. कार्गो कंपायलरची आवृत्ती, निवडलेले पर्याय आणि काही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून मिळणाऱ्या सेटिंग) यांचा मिळून ठसा, म्हणजे त्यांवरून काढलेली एक छोटी खूण, घेतो, पण तुमच्या स्वतःच्या फाइलींसाठी तोही वेळच पाहतो. गो भाषेने २०१८ च्या १.१० आवृत्तीपासून वेळ सोडून फाइलमधल्या मजकुराचा ठसा घेण्याची पद्धत स्वीकारली आणि बेझेल हे बिल्डचे साधनही मजकुरावरच चालते. मजकूर तोच राहिला आणि वेळ मात्र बदलली, तर मजकूर पाहणारे साधन शांत राहते आणि वेळ पाहणारे कामाला लागते. मिश्र प्रकल्पात हे वेगवेगळे नियम एकाच छपराखाली नांदत असतात.

मी पहिला आठवडा वाया घालवला तो अंदाज बांधण्यात. सीमेकच्या फाइली वाचायच्या, "इथे असेल" म्हणून काहीतरी बदलायचे आणि पुन्हा अकरा मिनिटे थांबायचे, असे चालले होते. खरे तर साधनांना विचारले की ती स्वतः कारण सांगतात. निंजाला ‘डी’ हा पर्याय लावून त्यापुढे ‘एक्स्प्लेन’ लिहिले, की प्रत्येक कामाआधी तो सांगतो की अमुक तयार फाइल अमुक मूळ फाइलपेक्षा जुनी आहे, किंवा अमुक फाइलची आज्ञा बदलली आहे. कार्गोच्या बिल्डला ‘व्ही’ हा पर्याय लावला की अलीकडच्या आवृत्त्यांत शिळ्या ठरलेल्या प्रत्येक क्रेटपुढे (क्रेट म्हणजे रस्टचे पॅकेज) ‘डर्टी’ असे लिहून कारण येते, आणि तेवढ्याने भागले नाही तर कार्गोची ठशांविषयीची अंतर्गत नोंद सुरू करता येते. ग्नू मेक वापरणाऱ्यांसाठी ४.० पासून ‘ट्रेस’ आहे, ग्रेडलसाठी ‘इन्फो’ आहे, बेझेलसाठी ‘एक्स्प्लेन’ आहे. हे विचारण्याआधी एक शिस्त मात्र पाळावी लागते: पूर्ण बिल्ड करायचा, कशालाही हात न लावता लगेच दुसरा लावायचा आणि त्या दुसऱ्या बिल्डमध्ये जे घडते तेवढेच तपासायचे. काहीच बदललेले नसताना झालेले प्रत्येक काम फुकटचे असते, त्यामुळे तिथे वादाला जागा उरत नाही. शिवाय हे आतून बाहेर करत यावे, म्हणजे आधी नुसता कार्गो, मग निंजा आणि शेवटी पिप. नाहीतर तीन थरांचा आवाज एकमेकांत मिसळून काहीच ऐकू येत नाही.

नुसता कार्गो दोनदा चालवला आणि पहिला गुन्हेगार सापडला. रस्टच्या भागात कंपाइल होण्याआधी चालणारी ‘बिल्ड.आरएस’ ही फाइल दर वेळी पुन्हा चालत होती आणि आमचे हेडर दर वेळी नव्याने लिहीत होती. सीबाइंडजेनचे फाइल लिहिण्याचे स्वतःचे फंक्शन आधीचा मजकूर तपासते आणि तो तोच असेल तर फाइलला हात लावत नाही, हे मला माहीत होते. मग वेळ का बदलत होती? हेडर उघडून पाहिले. पहिल्या ओळीत परवान्याचा उल्लेख होता आणि दुसऱ्या ओळीत ‘ही फाइल आपोआप तयार झाली आहे’ या वाक्यापुढे तारीख, तास, मिनिटे आणि सेकंद. कोणीतरी फार पूर्वी चांगल्या हेतूने सीबाइंडजेनचे आउटपुट आधी स्मृतीत घेऊन, त्याच्या डोक्यावर या दोन ओळी चढवून, मग स्वतःच्या कोडने फाइल लिहिण्याची सोय केली होती. त्या एका ओळीतल्या सेकंदांमुळे मजकूर कधीही सारखा राहत नव्हता, आणि राहिला असता तरी आमचा कोड न तपासताच लिहीत होता. ते हेडर समाविष्ट करणाऱ्या सी++ फाइली त्यामुळे दर खेपेस कंपाइल होत होत्या. माणसाच्या माहितीसाठी लिहिलेली आणि कोणीही कधीही न वाचलेली एक ओळ रोज सगळ्या चमूचा वेळ खात होती.

ती ओळ काढली, मजकूर बदलला असेल तरच लिहायचे असा बदल केला, तरीही ‘बिल्ड.आरएस’ चालायची ती चालतच राहिली. इथे कार्गोचा एक नियम समजून घ्यावा लागला. या फाइलने ‘रीरन-इफ-चेंज्ड’ या सूचनेने कशावर लक्ष ठेवायचे ते सांगितले नाही, तर कार्गो पॅकेजच्या सगळ्या फोल्डरवर लक्ष ठेवतो आणि त्यातली कोणतीही फाइल बदलली की ती पुन्हा चालवतो. इकडेतिकडे पडलेल्या चाचणीच्या नोंदी, एखाद्याने बाजूला लिहून ठेवलेले टिपण, काहीही पुरते. आमच्या बाबतीत चाचण्या आपले निकाल त्याच पॅकेजच्या आतल्या फोल्डरमध्ये लिहीत होत्या. त्याआधी तर याहून वाईट स्थिती होती, कारण हेडरसुद्धा तिथेच होते: बिल्ड हेडर लिहायचा, ते लिहिले म्हणून कार्गोला पॅकेज बदललेले दिसायचे आणि पुढच्या खेपेस पुन्हा तेच. साप आपलीच शेपटी गिळत होता. उपाय एका ओळीचा आहे: ज्या गोष्टींवर हेडर खरोखर अवलंबून आहे त्यांचीच नावे सूचनेत द्यायची.

ही नावे देताना दोन चुका होऊ शकतात आणि आम्ही दोन्ही केल्या. पहिली किरकोळ वाटते: सूचनेत दिलेली फाइल अस्तित्वातच नसेल, तर कार्गो चूक दाखवत नाही, तो फक्त दर वेळी पुन्हा चालवतो. आमची संरचनेची फाइल मध्यंतरी दुसऱ्या नावाने ठेवली गेली होती, सूचनेत जुनेच नाव राहिले होते, आणि त्या एका नावामुळे बाकीची सगळी दुरुस्ती निष्फळ ठरली होती.

दुसरी चूक अधिक गंभीर होती आणि तिच्याविषयी मला विशेष काळजीने लिहायचे आहे. सूचना एकदा दिली की सगळ्या फोल्डरवरचे लक्ष थांबते आणि तुम्ही नावे दिलीत तेवढेच पाहिले जाते. मी उत्साहाच्या भरात फक्त मुख्य ‘लिब.आरएस’चे नाव दिले. दहा-बारा दिवसांनी एका सहकाऱ्याने, मोजमापाची रचना जिथे ठेवली होती त्या वेगळ्या मॉड्यूलमध्ये, त्या स्ट्रक्टच्या दुसऱ्या जागी वेळेसाठी आठ बाइटचे एक नवे फील्ड घातले. रस्टचा भाग नव्या रचनेने कंपाइल झाला. ‘लिब.आरएस’ बदललेली नसल्यामुळे हेडर जुनेच राहिले, हेडर जुने म्हणून सी++ पुन्हा कंपाइल झाले नाही आणि दोन्ही बाजू लिंकरने कोणतीही तक्रार न करता जोडल्या, कारण फंक्शनांची नावे जुळत होती. प्रोग्रॅम कोसळला नाही. तो चालला, आणि जिथे तापमान असायला हवे तिथून सी++ ने वेळेचे आकडे वाचले. आम्ही दीड दिवस गणितात दोष शोधत होतो. शेवटी एकाने सगळे पुसून बिल्ड केला आणि दोष नाहीसा झाला, तेव्हा कुठे आमच्या लक्षात आले. फुकटचा बिल्ड अकरा मिनिटे घेतो. न झालेला आवश्यक बिल्ड चुकीचे उत्तर बिनबोभाट हातात ठेवतो. त्यानंतर आम्ही फाइलींची यादी करणे सोडले आणि सूचनेत सोर्सचे पूर्ण फोल्डर दिले, ज्याच्या आतल्या सगळ्या फाइली कार्गो तपासतो. एखादा बिल्ड जास्त झाला तरी चालेल, पण या बाजूला कंजुषी करायची नाही, असे माझे ठाम मत झाले आहे.

यानंतर निंजाचा थर. सीमेकमध्ये कार्गोला बोलावण्यासाठी ‘ॲड_कस्टम_टार्गेट’ वापरले होते, आणि असे टार्गेट नेहमीच शिळे मानले जाते, म्हणजे दर बिल्डला चालते. पुष्कळ जण यालाच दोष समजून ‘ॲड_कस्टम_कमांड’कडे वळतात आणि रस्टच्या सगळ्या फाइलींची यादी सीमेकमध्ये लिहून ठेवतात. ते मला चुकीचे वाटते. रस्टचे काय कशावर अवलंबून आहे हे फक्त कार्गोला ठाऊक असते. ती यादी दुसऱ्या भाषेत हाताने सांभाळायला गेलो, की वर सांगितलेल्या तापमानाच्या घोटाळ्याला पुन्हा आमंत्रण. कार्गोला दर वेळी विचारावे, काही काम नसेल तर तो क्षणात ‘फिनिश्ड’ म्हणून मोकळा होतो. आमचा खरा दोष पुढच्या ओळीत होता: कार्गोने तयार केलेली लायब्ररी सीमेकच्या फोल्डरमध्ये साध्या ‘कॉपी’ आज्ञेने नेली जात होती. नक्कल केली की नव्या फाइलला आत्ताची वेळ मिळते, मजकूर तोच असला तरी. त्यामुळे लायब्ररी वापरणारी प्रत्येक गोष्ट दर वेळी पुन्हा लिंक होत होती. ‘कॉपी_इफ_डिफरंट’ लिहिले आणि ती फाइल ‘बायप्रॉडक्ट्स’मध्ये जाहीर केली. सीमेक अशा कामांसाठी निंजाच्या आज्ञापत्रिकेत ‘रीस्टॅट’ लिहितो, म्हणजे काम झाल्यावर निंजा फाइलची वेळ पुन्हा पाहतो आणि ती बदलली नसेल तर पुढची कामे रद्द करतो. दोन भाषांच्या सीमेवर मला सर्वांत उपयोगी पडलेली सोय हीच. पण ती फाइल लिहिणाऱ्याने मजकूर सारखा असताना हात आवरला तरच कामी येते.

आता तो टिप्पणीतला एक शब्द. निंजापर्यंत सगळे शांत झाल्यावरही पिपमार्फत बिल्ड लावला की सी++ पुन्हा सुरू होत होते, आणि या वेळी निंजाने सांगितलेले कारण निराळे होते: आज्ञा बदलली. दोन बिल्डच्या आज्ञा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. पानभर लांबीच्या त्या ओळींत फरक एकाच जागी होता, पायबाइंड११ च्या हेडरच्या फोल्डरचा पत्ता. एका ओळीत तात्पुरत्या फोल्डरच्या नावाला काही अक्षरांची एक शेपटी होती, दुसरीत वेगळ्या अक्षरांची. २०१८ साली आलेल्या १० व्या आवृत्तीपासून पिप बिल्डसाठी लागणारी साधने दर वेळी नव्या, वेगळ्या वातावरणात बसवतो आणि काम झाल्यावर ते पुसून टाकतो. प्रकाशित करायच्या पॅकेजसाठी ही दक्षता अगदी योग्य आहे, कारण त्यामुळे कोणाच्या यंत्रावर आधीच काय पडले आहे यावर निकाल अवलंबून राहत नाही. आम्ही मात्र वेळ वाचावा म्हणून बिल्डचे फोल्डर कायमचे ठरवून दिले होते, आणि त्या कायमच्या फोल्डरमध्ये दर वेळी नव्या पत्त्याची आज्ञा येत होती. निंजाच्या दृष्टीने ते वेगळे काम होते आणि त्याचे काहीच चुकत नव्हते. रोजच्या कामासाठी आम्ही बिल्डची साधने आपल्याच व्हर्च्युअल वातावरणात एकदा बसवली, पिपला ‘नो-बिल्ड-आयसोलेशन’ सांगितले आणि पॅकेज ‘एडिटेबल’ पद्धतीने बसवले, म्हणजे पायथनच्या फाइली थेट मूळ जागेवरून वाचल्या जातात. टिप्पणी सुधारली तर आता कोणताही बिल्ड लावावा लागत नाही.

संपादकाचा, म्हणजे कोड लिहिण्याच्या प्रोग्रॅमचा, प्रश्न मी जवळजवळ सोडून देणार होतो, कारण तो सगळ्यांना येत नव्हता. दोघांच्या यंत्रांवर रस्टचा भाग अधूनमधून मुळापासून कंपाइल व्हायचा, आणि टर्मिनलमध्ये कधी कधी कार्गो बिल्ड फोल्डरचे कुलूप सुटण्याची वाट पाहत बसलेला दिसायचा. ते दोघेही संपादक डेस्कटॉपवरच्या चिन्हावरून उघडत होते. आमच्या एका क्रेटला सी भाषेचा थोडा कोड कंपाइल करावा लागतो आणि त्यासाठी वापरलेले ‘सीसी’ क्रेट, कोणता सी कंपायलर निवडला आहे ते सांगणारे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलले की पुन्हा चालायला सांगते. टर्मिनलमध्ये ते व्हेरिएबल होते, चिन्हावरून उघडलेल्या संपादकात नव्हते. फाइल जतन केली की संपादकातला रस्ट-ॲनालायझर कार्गोचा ‘चेक’ चालवायचा, टर्मिनलमधला बिल्ड आपला चालवायचा, आणि दोघे एकाच फोल्डरमध्ये एकमेकांचे काम आळीपाळीने शिळे ठरवायचे. रस्ट-ॲनालायझरला वेगळे टार्गेट फोल्डर दिले. डिस्कवर जागा जास्त जाते, पण भांडण मिटले.

कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटच्या शाखा बदलण्याने होणारे बिल्ड उरले होते. गिट फाइलींच्या वेळा जपून ठेवत नाही. दुसऱ्या शाखेवर जाऊन परत आलात, तर मध्ये बदललेल्या सगळ्या फाइलींना परतीची वेळ मिळते आणि वेळ पाहणारी साधने कामाला लागतात. दोन शाखांवर एकदम काम असेल तर ‘वर्कट्री’ने दुसरे फोल्डर आणि त्याचे वेगळे बिल्ड फोल्डर ठेवणे हा उपाय मी सगळ्यांना सुचवतो.

आधीच्या कंपाइलचे निकाल साठवून पुन्हा वापरणारे सीकॅश किंवा रस्टलाही चालणारे एससीकॅश का लावले नाही, असे काहींनी विचारले. आता लावले आहे, आणि शाखा बदलताना त्याचा फायदाही होतो. पण ते आधी लावले असते तर अकरा मिनिटांची दोन मिनिटे झाली असती, तारखेची ती ओळ हेडरमध्ये तशीच राहिली असती आणि कोणी शोध घेतला नसता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार झाला असता. आधी कारण काढावे, मग कॅश लावावी, या क्रमावर मी अडून बसलो आणि आजही माझे मत तेच आहे.

आता प्रत्येक बदल मुख्य शाखेत जाण्याआधी सर्व्हरवर दोन तपासण्या होतात. पहिलीत बिल्ड दोनदा लावला जातो आणि दुसऱ्या खेपेस कार्गोची नेहमी चालणारी ती एक पायरी सोडून काहीही चालले, तर बदल अडतो. दुसरी उलट दिशेची आहे: एक स्क्रिप्ट रस्टच्या मॉड्यूलमधल्या स्ट्रक्टमध्ये तात्पुरते फील्ड घालते आणि बिल्डनंतर ते हेडरमध्ये उतरले का, सी++ पुन्हा कंपाइल झाले का, हे पाहते. मागच्या महिन्यात पहिल्या तपासणीने त्याच नव्या सहकाऱ्याचा बदल अडवला. त्याने एक फोल्डर नव्या नावाने ठेवले होते आणि ‘रीरन-इफ-चेंज्ड’मध्ये जुने नाव राहिले होते. या वेळी तो माझ्याकडे आला नाही. कार्गोच्या आउटपुटमधली ‘डर्टी’ने सुरू होणारी ओळ त्याने स्वतः वाचली, नाव दुरुस्त केले आणि बदलाच्या वर्णनात ती ओळ जशीच्या तशी चिकटवून ठेवली.